स्वतःचे विमान बाळगू इच्छिणाऱ्यांस

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी हौसेने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आहे, आणि काही काळ फ्लाइंग क्लबची किंवा शाळेची विमाने तासाच्या भाड्याने उडवल्यानंतर ज्यांच्या मनात आता स्वतःचे, एका इंजिनाचे, चार आसनांचे एखादे विमान घ्यावे असा विचार घोळू लागला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विमान कसे उडवावे हे त्यांना त्यांच्या शिक्षकांनी शिकवलेले आहे. परंतु भाड्याने उडवणारा वैमानिक आणि मालक वैमानिक या दोन अवस्थांमध्ये जो मूलभूत भेद आहे, तो परवान्याच्या परीक्षेत कोणी विचारीत नाही आणि पुष्कळांना तो फार उशिरा उमगतो. भाड्याच्या विमानाभोवती नकार देणारी माणसे पुष्कळ असतात. वारा आडवा आणि जोराचा आहे म्हणून आज विमान मिळणार नाही असे सांगणारा शिक्षक, टायर झिजला म्हणून विमान बाजूला काढणारा मेकॅनिक, फार दिवसांत उड्डाण केले नाही तेव्हा आधी शिक्षकासोबत एक फेरी मारा असे सुनावणारी कचेरीतील बाई, ही सारी माणसे ज्या दिवशी खरेदीखतावर सही होते त्या दिवशी एकदम नाहीशी होतात, किल्ली खिशात येते, आणि त्या सर्वांचे काम एकट्या मालकावर येऊन पडते. अमेरिकेचा कायदाही याबाबतीत निःसंदिग्ध आहे: विमान उड्डाणयोग्य स्थितीत राखण्याची प्राथमिक जबाबदारी तो मालकावर किंवा विमान चालवणाऱ्यावर टाकतो. पुढे जे सांगायचे आहे ते बहुतांशी या एका कलमाचेच विवरण आहे.

प्रथम अधिकाराचा प्रश्न, कारण आपल्या मंडळींपैकी अनेकांना तो लागू पडतो. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावे नोंदवण्यासाठी माणूस त्या देशाचा नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला, म्हणजे ग्रीन कार्डधारक असावा लागतो. जो नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहतो, त्याला वैमानिकाचा परवाना मिळू शकतो, पण विमानाची नोंदणी त्याच्या वैयक्तिक नावे होत नाही. अशा स्थितीत ट्रस्ट वगैरेंच्या आडमार्गाने जाण्याचे सल्ले देणारे दलाल भेटतात. ते मार्ग बेकायदेशीर नसले तरी खर्चाचे आणि गुंतागुंतीचे आहेत, आणि माझ्या मते हौशी वैमानिकाने ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत भाड्याच्या विमानावर समाधान मानणे हेच श्रेयस्कर.

कोणते विमान घ्यावे याविषयी मते पुष्कळ, तरी पहिल्या मालकीसाठी मी सेस्ना १७२ या विमानाचीच शिफारस करतो, आणि त्याची कारणे भावनिक नाहीत. १९५५ साली प्रथम उडालेले आणि १९५६ पासून विक्रीस आलेले हे विमान आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक संख्येने बनले आहे. इतके दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. सबब त्याचा सुटा भाग मिळत नाही असे सहसा होत नाही, त्याचे गुणदोष ठाऊक नसलेला मेकॅनिक शोधून सापडत नाही, आणि त्याचा विमा उतरवताना विमा कंपनी खळखळ करीत नाही. पंख वर असल्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो, इंधन गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे उतरते, आणि चाके न मिटणारी असल्यामुळे ती उघडायची राहून गेली असा प्रसंगच उद्भवत नाही. १९८६ साली सेस्नाने या विमानाचे उत्पादन थांबवले. अपघातानंतरच्या दाव्यांमुळे उत्पादकांवर येणारा बोजा हे त्याचे एक मोठे कारण होते. १९९४ च्या कायद्याने त्या दायित्वाला अठरा वर्षांची मर्यादा घातल्यावर कंपनीने कॅन्सस राज्यात नवा कारखाना उभारून उत्पादन पुन्हा सुरू केले. या खंडाचा व्यावहारिक परिणाम असा की सामान्य माणसाच्या आवाक्यातील बहुतेक विमाने १९८६ च्या आधीची आहेत, आणि चाळीस-पन्नास वर्षे वयाचे यंत्र घेऊन आकाशात जाण्याच्या कल्पनेने नवख्याचे मन कचरते. त्याने कचरण्याचे कारण नाही, मात्र चौकस राहण्याचे कारण अवश्य आहे. विमानाचे वय वर्षांत मोजण्यापेक्षा ते कोणाच्या हाती राहिले, कोठे उभे राहिले आणि किती नियमितपणे उडले, यांवरून मोजावे.

जुन्या नमुन्यांतही तारतम्य आहे. १९६७ पर्यंतच्या विमानांना काँटिनेंटल कंपनीचे सहा सिलिंडरांचे, १४५ अश्वशक्तीचे इंजिन असे. १९६८ पासून लायकोमिंगचे चार सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आले, आणि या दुसऱ्या इंजिनाची कीर्ती दीर्घायुषी म्हणून आहे. १९७७ ते १९८० या काळातील ‘एन’ नमुन्याच्या विमानांत मात्र लायकोमिंगचेच जे ‘एच’ मालिकेचे इंजिन बसवले गेले, त्याच्या कॅमशाफ्टची आणि व्हॉल्व्ह-लिफ्टरची झीज लवकर होते अशी तक्रार आरंभापासून होती. पुढे त्यात सुधारणा झाल्या आणि तशी इंजिने असलेली विमाने आजही व्यवस्थित उडत आहेत. पण विकणाऱ्याने त्या सुधारणांच्या नोंदी दाखवल्यावाचून असा सौदा करू नये.

आता कागदपत्रांकडे वळू. जमीन घेताना सात-बाराचा उतारा पाहिल्यावाचून आपण इसार देत नाही. विमानाच्या खरेदीत तेच स्थान लॉगबुकांना आहे. सांगाड्याचे, इंजिनाचे आणि पंख्याचे लॉगबुक, विमान कारखान्यातून निघाल्यापासून आजतागायत, अखंड असावे. मधली काही वर्षे गहाळ असतील तर त्या वर्षांत काही घडलेच नाही असे गृहीत धरण्याचा भोळेपणा करू नये. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीची नोंद, प्रत्येक फेरबदलाची मंजुरी, आणि विशेषतः फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने त्या नमुन्याच्या विमानासाठी वेळोवेळी काढलेल्या अनिवार्य हुकमांची अंमलबजावणी झाल्याचा दाखला, हे सर्व एकेक करून ताडून पाहावे. या हुकमांना एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह म्हणतात, आणि ते पाळलेले नसतील तर विमान कितीही चकचकीत असले तरी कायद्याच्या दृष्टीने उडण्यास अपात्र ठरते. एक उदाहरण पुरेसे आहे. सेस्नाची पुढची आसने ज्या रुळांवर मागेपुढे सरकतात, त्या रुळांची भोके झिजली की खिट्टी नीट बसत नाही, आणि विमान धावपट्टी सोडून नाक वर करते नेमक्या त्या क्षणी आसन मागे घसरते. वैमानिक आधारासाठी हातातील योक घट्ट धरतो, ते त्याच्यासोबत मागे येते, नाक आणखी वर जाते आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर विमान स्टॉल होते. असे प्राणघातक अपघात घडल्यावर या रुळांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा हुकूम निघाला. खरेदीपूर्वी आसनावर बसून, खिट्टी लावून, पाय रेटून आसन हलते का हे स्वतः पाहावे, आणि मालक झाल्यावर प्रत्येक उड्डाणापूर्वी तेच करावे.

मालकीहक्काचे दप्तर ओक्लाहोमा शहरात आहे. विमानावर कर्जाचा किंवा मेकॅनिकच्या थकबाकीचा बोजा आहे की नाही, याचा शोध तेथील नोंदींतून करून देणाऱ्या संस्था अल्प मोबदल्यात काम करतात. तेवढा खर्च वाचवू नये.

कागद समाधानकारक ठरले की मगच यंत्राची तपासणी. ती करणारा मेकॅनिक तुम्ही निवडलेला असावा, आणि त्याने ते विमान पूर्वी सांभाळलेले नसावे. स्वतःच्या कामातील उणीव स्वतः शोधून काढण्याची अपेक्षा कोणाकडूनही करणे अन्यायाचे आहे. सिलिंडरांचा दाब मोजताना ऐंशी पौंड दाबाची हवा आत सोडतात आणि किती टिकते ते पाहतात. पण केवळ आकड्यावर न थांबता हवा कोठून निसटते हे विचारावे. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सदोष, कार्ब्युरेटरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का पाहावे, नळीच्या कॅमेऱ्याने व्हॉल्व्हची मुखे पाहावीत, पंखांच्या आणि शेपटीच्या आतील भागात गंज शोधावा. पंखा कधी जमिनीला लागला होता काय, हा प्रश्न विकणाऱ्याला तोंडी आणि लेखी असा दोन्ही प्रकारे विचारावा, कारण तसे घडले असेल आणि इंजिन उघडून पाहिले नसेल तर आतील क्रँकशाफ्टविषयी कोणीच ग्वाही देऊ शकत नाही.

यापुढील मुद्द्यावर मी जरा अधिक रेंगाळणार आहे, कारण चांगल्या, प्रामाणिक, पैशाने सुस्थित अशा मालकांची विमाने ज्या एका कारणाने सर्वांत अधिक बिघडतात ते हेच आहे. लायकोमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूस, क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबल्यावर तेल हळूहळू खाली ओघळते, वरचा कॅमशाफ्ट उघडा पडतो, आणि ज्वलनातून निर्माण झालेली वाफ थंड होऊन त्याच पोलादावर दवासारखी बसते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत हे हळू घडते. फ्लोरिडाच्या किंवा न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात काही आठवड्यांतच गंजाचे ठिपके उमटतात, त्या खडबडीत पृष्ठभागावर लिफ्टर घासत राहतात, आणि दोन हजार तास चालण्याच्या अपेक्षेने घेतलेले इंजिन त्याच्या निम्म्या आयुष्यातच उघडण्याची पाळी येते. यावर उपाय म्हणून कित्येक मालक पंधरवड्याने हँगरवर जाऊन इंजिन दहा मिनिटे जमिनीवर चालवून परत येतात. हेतू शुद्ध, परिणाम विपरीत, कारण तेवढ्यात तेल पुरेसे तापत नाही, पाणी उडून जाण्याऐवजी तेलात भरच पडते. उत्पादकाचेच सांगणे आहे की तेल किमान १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापले पाहिजे आणि ते तापमान सुमारे तासभर टिकले पाहिजे. हे हवेत उडाल्यानेच साधते. सबब आठवड्यातून, निदान पंधरवड्यातून एकदा तासभर उड्डाण हा त्यावरचा उत्तम उपाय, आणि ते शक्य नसेल तर जमिनीवर इंजिन चालवण्यापेक्षा त्याला हात न लावणे बरे. तेल पन्नास तासांनी फिल्टरसह बदलावे, आणि पन्नास तास झाले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलावेच. हे काम परवानाधारक वैमानिक मालकाने स्वतः करून लॉगबुकात स्वाक्षरीनिशी नोंद करण्यास कायद्याची मुभा आहे. टायर, स्पार्क प्लग, बॅटरी यांविषयीही तशीच मुभा आहे. हातात पाना घेण्याची लाज ज्याला वाटत नाही त्या मालकाला आपल्या विमानाचा आवाज, वास आणि कंप यांची अशी ओळख होते की बिघाड होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते.

वर्षातून एकदा मात्र विमान विशेष अधिकारप्राप्त मेकॅनिकच्या स्वाधीन करावे लागते, आणि त्याने तपासून सही केल्यावाचून बारा महिन्यांनंतर ते उडवता येत नाही. या तपासणीत प्रत्यक्ष हजर राहण्याची परवानगी मागून घ्यावी. मालकाने झाकणे काढण्यास, पुसण्यास, ग्रीस भरण्यास मदत केली तर पुष्कळ मेकॅनिक ती आनंदाने स्वीकारतात. ट्रान्सपाँडरची चाचणी दर चोवीस महिन्यांनी, हे दुसरे वेळापत्रक. आणि २०२० सालापासून मोठ्या विमानतळांच्या परिसरात एडीएस-बी यंत्रणा अनिवार्य झाली असल्याने, जुन्या विमानात ती बसवलेली नसेल तर किंमत ठरवताना तो खर्च वजा धरावा.

खर्चाचा हिशेब मांडताना नवखे लोक इंधनापासून आरंभ करतात, आणि तेथेच फसतात. हे विमान तासाला सुमारे आठ गॅलन इंधन घेते, आणि तो आकडा कोणीही गुणून पाहू शकतो. जे दिसत नाही ते असे: हँगरचे भाडे, विम्याचा हप्ता, वार्षिक तपासणी आणि तीतून निघणारी दुरुस्ती, हे सारे विमान एक तासही न उडता द्यावेच लागते, आणि इंजिनाच्या पुढील नूतनीकरणासाठी प्रत्येक उड्डाणतासामागे काही रक्कम निराळी ठेवावी लागते. समजा नूतनीकरणास तीस हजार डॉलर लागणार असतील, तर दोन हजार तासांच्या आयुष्याने भागता तासाला पंधरा डॉलर होतात. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकणारा मालक मला फार थोडा आढळतो, आणि इंजिन संपल्यावर विमान ताडपत्रीखाली कुजत ठेवणारे पुष्कळ आढळतात.

आसनांच्या संख्येवरून होणारी फसगत आपल्या कुटुंबवत्सल समाजात विशेष धोक्याची आहे. पुण्याहून आईवडील आलेले असतात, त्यांना आपले विमान दाखवावे, नायगाऱ्याच्या दिशेने एक फेरी घडवावी असे कोणाही मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. चार आसने आहेत, माणसेही चार आहेत. पण १९७० च्या दशकातील ‘एम’ नमुन्याच्या विमानाचे कमाल वजन २,३०० पौंड, आणि सामग्रीसह रिकामे वजन सुमारे १,४०० पौंड धरले, तर उरतात ९०० पौंड. भरलेल्या टाक्यांतील वापरण्याजोगे अडतीस गॅलन इंधन, गॅलनला सहा पौंडांप्रमाणे, २२८ पौंड घेते, शिल्लक ६७२. चार माणसे प्रत्येकी १७० पौंडांची असली तर ६८० पौंड होतात, म्हणजे एकही पिशवी न घेता मर्यादा ओलांडली गेली. तेव्हा इंधन कमी घ्यावे आणि टप्पा लहान करावा, किंवा दोन फेऱ्या कराव्यात. वडिलांना वजन विचारण्याचा संकोच वाटत असेल तर काटाच घरी आणून सर्वांनी उभे राहावे. आणि उंचावरील विमानतळांवर उन्हाळ्यात हा हिशेब अधिकच कठोर होतो: डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळाची उंची ५,८८५ फूट आहे, पण पारा पस्तीस सेल्सियसवर असेल त्या दुपारी हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण नऊ हजार फुटांच्या वर असल्यासारखे वाटते, धाव लांबते आणि चढ मंदावतो. अशा ठिकाणी सकाळीच निघावे.

इंधन नेहमी स्वतःच्या डोळ्यांनी, टाकीत मोजपट्टी घालून पाहावे. काट्यांवर विसंबू नये. दिवसा अर्धा तास आणि रात्री पाऊण तास पुरेल इतके राखीव इंधन ही कायद्याची किमान मर्यादा आहे. मी दोन्ही वेळी एक तास राखावे असे म्हणेन. पहाटे टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात पाणी असेल तर ते निळ्या इंधनाखाली निराळे दिसते, पण सबंध नमुनाच पाण्याचा असेल तर सीमारेषा दिसत नाही, म्हणून रंग निळा आहे ना हे अवश्य पाहावे. तसेच दमट हवेत, तापमान वीस अंश सेल्सियसच्या आसपास असतानाही, कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ साचते आणि इंजिनाचे फेरे कारणावाचून उतरू लागतात. गरम हवेचा खटका पूर्ण ओढला की इंजिन क्षणभर अधिकच खडखडते, कारण वितळलेले पाणी ते गिळत असते. त्या क्षणी घाबरून खटका परत ढकलू नये.

हवामानाविषयी एका जुन्या प्रयोगाची माहिती प्रत्येक मालकाने मनात कोरून ठेवावी. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, केवळ यंत्रांकडे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे क्षितिज दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवण्यास दिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला, आणि त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. याचा अर्थ असा नव्हे की ते वैमानिक अकुशल होते. अर्थ एवढाच की ढगात शिरल्यावर मानवी कानातील तोल सांगणारे इंद्रिय खोटे बोलते, आणि खोटे बोलणाऱ्यावर आपण सर्वाधिक विश्वास ठेवतो. त्याच प्रयोगात, सावकाश अर्धवर्तुळाकार वळून आल्या दिशेने परतण्याची साधी रीत शिकवल्यावर तीच माणसे सुरक्षित बाहेर येऊ लागली. भाड्याच्या विमानाच्या बाबतीत ढग खाली उतरले की कोणीतरी फलकावर उड्डाण बंद असे लिहितो. तुमच्या हँगरला तसा फलक नाही. म्हणून ढगांची उंची किती, दृश्यता किती, आडवा वारा किती, यांपेक्षा वाईट स्थितीत मी निघणार नाही, असे स्वतःचे आकडे निवांत बसून कागदावर लिहावेत, तो कागद विमानात ठेवावा, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे म्हणून रविवारी संध्याकाळी त्यांत फेरफार करू नये. परतीच्या दिवशी विमान तेथेच सोडून प्रवासी विमानाचे तिकीट काढून घरी येण्याइतके पैसे नेहमी जवळ असावेत. मालकीच्या खर्चाच्या यादीत ही बाब मी विम्याच्या बरोबरीने धरतो.

एकाच इंजिनावर विसंबणे धाडसाचे आहे, हा आक्षेप घरातील मंडळी घेतातच. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर जे पस मॉथ उतरवले, तेही एकाच इंजिनाचे होते. इंजिन बंद पडले तरी सेस्ना १७२ दगडासारखे पडत नाही. हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल ते तरंगत जाते. धोका खरा असतो तो धावपट्टी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही शंभर फुटांत, जेव्हा मागे वळून पट्टीवर परतण्याचा मोह अनावर होतो आणि त्या तीव्र वळणातच विमान स्टॉल होते. समोर जी जागा दिसेल तीत उतरायचे, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी मोठ्याने स्वतःस बजावावे.

शेवटी, विमान घ्यावे की नाही. वर्षाकाठी शंभर तासांच्या आसपास उड्डाण होणार असेल तर एकट्याची मालकी परवडते, आणि यंत्रही निरोगी राहते. त्याहून कमी होणार असेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावे. मात्र भागीदार आपला स्नेही आहे म्हणून करारनामा तोंडी ठेवू नये. कोणी किती द्यायचे, दुरुस्तीचा निर्णय कोणाच्या संमतीने व्हायचा, एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरायची, हे सर्व वकिलाकडून लिहून घ्यावे. भागीदारीचा एक लाभ पैशात मोजता येत नाही: दुसऱ्याने सकाळी टायरकडे पाहून शंका काढली की विमान त्या दिवशी हँगरमध्येच राहते. असा भागीदार मिळत नसेल, आणि दर पंधरवड्याला तासभर काढणेही नोकरीमुळे वा संसारामुळे शक्य नसेल, तर भाड्याचेच विमान उडवावे. त्यात कोणताही कमीपणा नाही.